दाढेतली चांदी

“काढा ही. आत्ताच्या आत्ता काढा,” असं म्हणत गौरवीने खुर्चीत पडल्या पडल्या आ केला. शिरगावहून पहिल्या बसने येऊन ती साखळी गावातल्या या दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसली होती. सासू जानकीबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

गौरवीला पाचवा महिना होता. याआधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. आता साधी पायरी उतरतानाही तिच्या जिवाचं पाणी व्हायचं. त्यात काल तपासणीला गेली तर नर्स सहज बोलून गेली, की गरोदर बायकांच्या दातांत आता ती पाऱ्याची चांदी भरत नाहीत, सरकारच बंद करत आणतंय. झालं! गौरवीच्या दाढेत शाळेपासून तीच चांदी. तेव्हापासून तिची जीभ त्या दाढेवरून हलेना. मुरगावला गोदीत कामाला असलेल्या नवऱ्याला तिने सात फोन केले. आठवा साईशने उचललाच नाही.

जानकीबाईही घाबरल्या होत्या, पण त्या घाबरल्या की देवघरात जायच्या. पहिलं गेलं, तेव्हा त्यांनी म्हापशाला एका विक्रेत्याकडून महादेवाची पिंडी आणली. लिंबाएवढी, चकचकीत, पण उचलायला गेलं तर मनगट खाली जाईल इतकी जड. संध्याकाळी ती पाण्यात बुडवून ठेवायची आणि सकाळी तेच तीर्थ सुनेच्या ओंजळीत द्यायचं. एकदा पिंडीला लागून त्यांची सोन्याची बांगडी पांढरीफटक पडली. देवाने खूण दिली, असं त्यांनी आळीभर सांगितलं. दुसरं गेलं, तेव्हा त्यांनी तीर्थाच्या दोन पळ्या वाढवल्या. आजही पहिली बस चुकायची वेळ आली, पण तीर्थ घेतल्याशिवाय त्यांनी सुनेला उंबरा ओलांडू दिला नाही.

डॉक्टर अश्विनी आरसा फिरवून फिरवून दाढ बघत होत्या. गौरवीने खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता, की बोटं दुखायला लागली.

“ऐक गौरवी,” त्या म्हणाल्या. “नवीन भरायची नाही, हे खरं. पण ही जुनी आहे आणि पक्की बसलीय. आता उकरायला गेलो तर उलट पाऱ्याची वाफ उठेल. बाळंतपण होईपर्यंत हिला हात लावायचा नाही.”

“बाळाला काही नाही ना होणार?”

“या दाढेने नाही.”

गौरवीला रडूच फुटलं. अगो बाई, किती भ्यायले मी, म्हणत तिने पदराने तोंड पुसलं.

डॉक्टर हात धुता धुता विचारत होत्या. “घरात पाऱ्याचं आणखी काही? जुना काचेचा थर्मामीटर?”

“नाही. आमचा सेलवरचा आहे.”

“आणि पोटात काही जातंय का? कुणी दिलेलं भस्म, पुड्या?”

“छे छे! बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही मी,” गौरवी म्हणाली आणि कालपासून पहिल्यांदा हसली. चप्पल पायात सरकवून ती दाराशी गेली. “चला आई, साडेदहाची बस मिळेल.”

जानकीबाई उठल्या नाहीत. त्यांच्या डाव्या मनगटात ती पांढरी पडलेली बांगडी होती. उजव्या हाताने तिला धरून त्या गोल गोल फिरवत होत्या.

“दोतोर बाई,” त्या म्हणाल्या. “आमची पिंडी म्हापशाच्या त्या विक्रेत्याने पाऱ्याची म्हणून दिली होती. देवाचं पण त्यात धरायचं काय हो?”