एकशे चाळीस दिवे

लाइलला सोमवारी एका गाडीनं मोटारसायकलवरून उडवलं. कारण गाडीवाल्यांचं नेहमीचंच: "दिसलाच नाही." शनिवारी आम्ही त्याला पोचवायला निघालो. शववाहिनीमागे एकशे चाळीस मोटारसायकली, दोन-दोनच्या रांगेत, भर दुपारी दिवे लावून. आवाज असा, की अख्ख्या ओहायोनं कानात बोटं घालावीत. तरी एक बाई डावीकडे वळायला म्हणून गाडी घेऊन थेट रांगेत घुसली आणि लाइलची बहीण रोंडा मोटारसायकलसकट आडवी झाली.

मी काचेवर थाप मारली. बाईनं मांडीवरच्या मोबाइलमधून मान वर काढली.

"देवाशप्पथ, दिसलाच नाहीत हो!"

"एकशे चाळीस जण?"

"अहो, मी रस्ता बघत होते. मोबाइलमध्ये."

रोंडा फुटलेला गुडघा धरून लंगडत आली. "एवढी कुठं आग लागलीय, बाई?"

"दफनभूमीत जायचंय. अंत्यविधी आहे."

"कुणाचा?"

बाईनं डोळे पुसले आणि पुन्हा मोबाइल उघडला. "थांबा हं, नाव बघून सांगते. सोमवारी माझ्या गाडीवर येऊन आदळला ना, त्याचा. म्हटलं, जाऊन घरच्यांची माफी तरी मागावी."