लुओ साहेबांचा उकळता चहा

चहा उकळता नसेल तर लुओ साहेब कपाला तोंड लावत नसत. आधी दोन बोटं कपाला टेकवायचे. चटका बसला की मान हलवायचे आणि मगच प्यायचे.

शहरबानूला सुरुवातीला वाटलं, म्हातारपणाचा चक्रमपणा, दुसरं काय.

आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या त्या फ्लॅटवर ती तीन वर्षं कामाला होती. रत्नागिरीची बाई आणि चिनी म्हातारा, जोडी तशी और होती. साहेबांनी काही वर्षं ड्रॅगन मार्ट या चिनी मालाच्या बाजारात दुकान चालवलं होतं. तिथे उचललेल्या मोडक्यातोडक्या हिंदीवर दोघांचं छान भागायचं.

आधीचं घर ती पळून सोडून आली होती. तेव्हाच तिचा व्हिसा रद्द झाला. हे साहेबांना माहीत होतं, तरी त्यांनी ठेवून घेतलं. पकडली गेली तर थेट परत, आणि तिकडे लेक नबिला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. आठ महिने निघाले की झालं, असं ती रोज मनाशी घोकायची. साहेबांना दुवा देऊन झोपायची.

साहेबांना दुपारी माणसं दिसायची. जेवणाच्या टेबलाशी बसून ते रिकाम्या खुर्च्यांशी पुटपुटायचे. एकदा तिला राहवलं नाही.

"कोण आहे तिथे, साहेब?"

"अकरा जण. माझ्या मीटिंगमधले."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या प्रांतात राज्य एकाच पक्षाचं, कम्युनिस्टांचं. त्या पक्षाच्या प्रांतिक कचेरीचे साहेब प्रमुख. पुढारी यायचे नि जायचे, पण बैठकीत कुणाला कुठे बसवायचं, कुणापुढे काय ठेवायचं, ते साहेबांच्या हातात.

"वरून फोन यायचा. उद्या अमुक माणूस खलास. भर मीटिंगमधून त्याला घेऊन जायचे. त्याला बिचाऱ्याला पत्ताच नसायचा. बाकीच्यांना मी उकळता चहा द्यायचो. त्याला कोमट."

"कोमट का?"

"घाबरलेला माणूस काहीही करतो, बानू. उकळता चहा समोरच्याच्या तोंडावर फेकतो. खुर्चीही खिडकीपासून लांब. आमचं ऑफिस सातव्या मजल्यावर होतं." साहेब रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. "कप ओठाला लागला की त्याला कळायचं. मग तो माझ्याकडे बघायचा. अजून बघतात. अकराही जण."

"आणि तुम्ही इकडे कसे आलात?"

"बारावा कप माझा होता. बसायच्या आधी सहज बोटं लावली. कोमट. औषध गाडीत राहिलं असं सांगून निघालो, तो थेट विमानतळ." ते थोडं हसले. "हे फक्त तुला माहीत आहे. आमच्या ऑफिसात सगळं माहीत असलेला माणूस फार टिकत नसे."

तीही हसली. पण त्या दिवसापासून ती चहा गॅसवरून उतरवला की धावतच आणायची.

गडबड तिच्या जिभेने केली. एका सकाळी भाजी निवडता निवडता ती कौतुकाने बोलून गेली, "अक्रमला सांगितलं मी, आमचे साहेब म्हणजे तिकडचे केवढे मोठे ऑफिसर!" अक्रम तिचा मावसभाऊ. ड्रॅगन मार्टात पिकअप चालवायचा.

साहेबांचा हात कपावरच थांबला. "आणखी काय सांगितलंस?"

"काही नाही. अल्लाशपथ, एवढंच."

साहेब तो चहा प्यायलेच नाहीत. संध्याकाळी गॅलरीचं दार लावून ते बराच वेळ फोनवर होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नबिलाची चौकशी केली. परीक्षा कधी, निकाल कधी. एरवी कधी विचारत नसत.

गुरुवारी म्हणाले, "चार वाजता दोन पाहुणे येतील."

तीन वर्षांत या घरात पाहुणा आला नव्हता. शहरबानूने मनाशी हिशोब जुळवला. आपण अक्रमला बोललो, त्याने चारचौघांत सांगितलं असेल, आणि साहेबांचा पत्ता त्यांच्या पक्षाच्या लोकांना लागला. जीभ हासडून टाकावी असं तिला वाटलं. तिने किचनमधून अक्रमला फोन केला.

"गाडी मागच्या जिन्याशी आण. साहेबांना शारजाला सोडायचं आहे. यल्ला, लवकर, विचारू नको काही."

मग ती साहेबांसमोर जाऊन रडलीच. "चूक माझी आहे. तुम्ही निघा, साहेब. त्यांना काय सांगायचं ते मी बघते. मला धरलं तर धरू दे."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं नाही. "एकदा पळालो, बानू. आता या वयात नाही होत."

बरोबर चारला बेल वाजली. दोघे आले, सलाम करून बसले. साधे कपडे, हातात सरकारी फाइल. शहरबानू किचनकडे वळली, तर साहेबांनी तिला थांबवलं.

"आज चहा मी करतो."

ते चार कप घेऊन आले. "तूही बस. रोज उभ्याने पितेस."

ती खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेली.

"तिथे नको, ऊन लागेल," साहेब म्हणाले आणि त्यांनी आतल्या बाजूची खुर्ची तिच्यासाठी ओढली. परमुलखात आल्यापासून तिच्यासाठी कुणी खुर्ची ओढली नव्हती. तिचे डोळे भरून आले.

तिची नजर मात्र साहेबांच्या कपावर होती. त्यातून वाफ निघत होती. साहेबांनी दोन बोटं टेकवली, चटकन मागे घेतली आणि मान हलवली. शहरबानूचा जीव भांड्यात पडला. साहेबांना न्यायला नव्हते आले! तिने मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले आणि आपला कप ओठांना लावला.

चहा कोमट होता.