हॉटेलसमोरचं शेत

"काकी, पाहुण्यांना हा चिखल बघवत नाही," इस्त्रीच्या शर्टातला दर्मा बांधावरूनच म्हणाला. "हॉटेलच्या खिडक्यांसमोरचं तुमचं एवढं एक शेत हिरवं ठेवा. भाताची रोपं आम्हीच देऊ."

सुकेर्तीने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. बालीतल्या त्या डोंगरउतारावर पाणी सगळ्यांचं एक, लावणी सगळ्यांची एकदम, आणि कापणीनंतर शेतं रिकामी ठेवायची तीही सगळ्यांनी मिळून, म्हणजे उंदीर उपाशी मरतात. एकाने जरी मध्येच लावणी केली, तर उंदीर तिथे पोसले जातात आणि पुढचं पीक अख्ख्या गावाचं जातं. दर्माला हे ठाऊक नव्हतं थोडंच! याच चिखलात तर तो रांगला होता.

"रोज संध्याकाळी पाहुण्यांना गोष्ट सांगतोस ना," ती म्हणाली, "डचांच्या कैदेत राहण्यापेक्षा आपल्या ताबानानच्या राजाने जीव दिला म्हणून? सांगताना डोळेही पुसतोस म्हणे. बक्षिसी बरी मिळत असेल."

दर्मा कसनुसा हसला. "काकांनी कालच होकार दिलाय."

आता मात्र तिने मान वर केली. तिचा नवरा, राई, पाटाच्या तोंडाशी फावडं घेऊन उभा होता. शेतात पाणी घ्यायलाच आला होता तो.

"एकच तर शेत आहे गं," तो पुटपुटला.

"उंदरांना एकच पुरतं. हा बघ, पहिला येऊन उभासुद्धा राहिला."

राईला हसू आवरेना. मग पुतण्याकडे न बघता त्याने फावडंभर चिखल उचलला आणि पाटाचं तोंड बंद केलं.