उरलेली दोन मिनिटं

"सिस्टर, लसीकरणाचे आकडे छान आहेत, तेवढेच सांगा," असं म्हणत डॉक्टर कुलथेंनी रंजनाच्या सादरीकरणातली शेवटची स्लाइड स्वतःच पुसून टाकली. पूल वाहून गेल्यापासून रुग्णवाहिका पाड्यापर्यंत येत नव्हती. दवाखान्याच्या वाटेवरच बाळंत झालेल्या तीन बायकांची नावं त्या स्लाइडवर होती.

रंजना वळवी आठवडाभर तयारी करत होती. रोज उपकेंद्र बंद केलं की भिंतीसमोर उभी राहून, मोबाइलवर वेळ लावून ती बोलायची. दहा मिनिटांत बसवलेलं सगळं तिला तोंडपाठ झालं होतं, पुसलेली स्लाइडसुद्धा.

जिल्ह्याच्या आढावा बैठकीत आठव्या मिनिटाला आकडे संपले. पडद्यावर 'धन्यवाद' आलं, टाळ्याही वाजल्या. रंजना हलली नाही.

"माझी दोन मिनिटं शिल्लक आहेत," ती म्हणाली. "सोमी पाडवी. नदीकाठी बाळंत झाली, बाळ वाचलं. जेमा वसावे. बांबूच्या झोळीत, बाळ वाचलं. रोशनी तडवी. तीही झोळीतच. मायलेकरू दोघंही गेली."

"सिस्टर, खाली बसा," कुलथे दबक्या आवाजात म्हणाले.

"बसते सर. पूल कधी होणार, तेवढं कळलं की बसते."

बांधकाम विभागाचे साहेब समोरचे कागद चाळू लागले. बराच वेळ ते चाळतच राहिले, तेव्हा अध्यक्षस्थानी बसलेल्या मॅडमनी पेन उचललं.

"साहेब, तारीख सांगा. सिस्टर उभ्या आहेत."