नीबियाची सही

कागद शर्टाच्या खिशात घालून वॉशिंग्टन सिल्वेरा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. तिसऱ्यांदा.

"काय रे जाड्या, पोट बिघडलंय का?" ग्रिसेल्दाने आपल्या टेबलावरून विचारलं.

"सही घ्यायचीय."

"मग घे ना. राष्ट्राध्यक्षाची थोडीच आहे? नीबियाची आहे."

तिचीच होती म्हणून तर पाय उचलत नव्हता. एरवी वॉशिंग्टन म्हणजे अगदी कोडगा माणूस. वय बावन्न. माँतेविदेओच्या त्या तिसऱ्या मजल्यावर त्याने कुणाला सोडलं नव्हतं. मालकाच्या खुर्चीला शिट्टी बांधून झाली होती, हिशेबनिसाच्या थर्मॉसात मीठ टाकून झालं होतं. लाज वाटायची त्याला सवयच नव्हती. त्यामुळे आज ती वाटली तेव्हा तिचं काय करायचं, हे त्याला कळेना.

सुरुवात मार्चमध्ये झाली. कंपनीने एक नवीन सोय तयार केली होती. एका मोठ्या कंप्युटरच्या पोटात वीस-पंचवीस आभासी कंप्युटर चालतात. मोठा आजारी पडायला लागला, की पोटातला कंप्युटर चालता-चालता उचलायचा आणि दुसऱ्याच्या पोटात नेऊन ठेवायचा. त्यावर काम करणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. काम झकास होतं, पण नाव सुचत नव्हतं. कुणी वीज म्हटलं, कुणी गरुड. मालकाला पुतणीचं नाव द्यायचं होतं. तेवढ्यात सफाईवाल्या बाई कॉफीचा ट्रे घेऊन आल्या. वॉशिंग्टनसमोरचा कप उचलला, टेबल पुसलं, कप परत ठेवला.

"नीबिया!" वॉशिंग्टन त्यांच्याकडे बोट दाखवत ओरडला. "नाव ठेवा नीबिया! बघा ना, सामान इकडचं तिकडे होतं आणि आपल्याला कळतसुद्धा नाही."

हशा पिकला. हात वर झाले. नाव पक्कं झालं. टाळ्या सुरू झाल्या, तेव्हा बाईंनी ट्रे खाली ठेवला आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

"छान नाव आहे," त्या म्हणाल्या. "कष्टाळू वाटतं."

लाजतायत, असं सगळ्यांना वाटलं.

मग चाचण्या सुरू झाल्या आणि नीबिया चालेना. उचललेला कंप्युटर मध्येच कुठेतरी हरवायचा. आता चालत नसलेल्या वस्तूला माणूस शिव्या देणारच, आणि शिव्या नावानेच दिल्या जातात. "नीबियाने परत माती खाल्ली." "या नीबियाला अक्कल म्हणून नाही." "कुणी आणली रे ही भवानी?" चार महिने दिवसभर हेच. सगळ्यात वरचा आवाज वॉशिंग्टनचा. बैठकीच्या खोलीच्या काचेवर त्यानेच हातभर अक्षरांत लिहिलं होतं: नीबिया. खाते फार, करते काही नाही. आणि त्याखाली: पुसू नये.

बाई रोज ती काच पुसायच्या. अक्षरांच्या कडेकडेने, एकही अक्षर न बिघडवता.

हे वॉशिंग्टनला दिसायचं. पण ते त्याने खरं पाहिलं आज सकाळी, वकीलबाईंनी कागद हातात दिल्यावर. नीबिया आता सुरळीत चालत होती. सोमवारी ती बाजारात जायची होती. जिवंत माणसाचं नाव वापरायचं, तर त्या माणसाची लेखी संमती हवी, पूर्ण नाव आणि ओळखपत्राच्या नंबरासह. बाई ठेकेदाराकडून यायच्या. त्यांचे कागद तिकडे, पगार तिकडे. तेव्हा विचारायचं त्यांनाच. आणि नाव ज्याने सुचवलं, त्यानेच जाऊन विचारायचं.

चौथ्यांदा तो आत शिरला. बाई ओट्यापाशी फडकी पिळत होत्या.

"नीबिया, जरा बोलायचं होतं."

"पाणी उकळतंय, दोन मिनिटं."

"पाणी नको. ते... शिव्या. काचेवरच्या. माझ्याच सगळ्या. तुम्ही वाचल्या असतील."

"वाचल्या की. चष्मा लावून वाचल्या."

"मला माफ करा. मी गाढव आहे. कागदावर सही करू नये वाटलं, तर नका करू. मी मालकाला सांगतो, जे काय व्हायचं ते माझं होईल."

बाईंनी हात पुसले, चष्मा घातला, कागद शेवटपर्यंत वाचला.

"राग आला होता मला," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, बिचारी उत्तर द्यायला इथे नाही, आणि हे लोक तिला काय काय बोलतायत."

"कोण बिचारी?"

"नीबिया. ती पायसांदूला असते, लेकीकडे. नंबर देते तिचा, तिलाच विचारा. पण शिव्यांचं तेवढं सांगू नका. फार हळवी आहे ती."

"पण नीबिया तर तुम्ही ना?" वॉशिंग्टनने विचारलं.

"मी एल्बा," बाई म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. कागद त्यांनी नीट घडी घालून त्याच्या हातात परत दिला. "तिच्या जागेवर आले ना, त्या पहिल्याच दिवशी तुम्ही थर्मॉस पुढे केलात. 'नीबिया, भरा जरा.' मी म्हटलं, माणूस घाईत दिसतोय, उद्या सांगू."