ओरिनचं मत

शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या वर्नाबाई दारोदार फिरत होत्या. तिसरीतल्या मुलांना धड वाचता येत नाही, याचा जाब कुणीतरी विचारायलाच हवा, असं त्या पोटतिडकीनं सांगत. लोक पत्रक घेत आणि दार लावून घेत. ओढ्यापलीकडचा म्हातारा ओरिन मात्र आत बसवून कॉफी पाजायचा, प्रत्येक मुद्द्यावर भांडायचा आणि त्या निघाल्या की म्हणायचा, "माझं मत अजून ठरत नाहीये. उद्या या."

मतदानाच्या आदल्या दिवशी ओमाहाहून लेकीचा फोन आला. "आई, अख्खी गल्ली राहिलीये आणि तू पुन्हा त्या ओरिनकडे? अगं, ओढ्यापलीकडची घरं आपल्या मतदारसंघातच नाहीत!"

 

"माहितीये गं. पहिल्याच दिवशी त्यानं स्वतःच सांगितलं होतं."