मास्तरांचा तारा

“मावशी, एकही काच उरली नाही? एकसुद्धा?” वेधशाळेतून आलेल्या मुलीने तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही गं बाई. पेटीभर होत्या. बाबा गेल्यावर आईने संतापून भंगारात घातल्या.”

मावशी खांदा चोळत होत्या. कालपासून तो भरून आला होता. पाहुणी येणार म्हणून त्यांनी एकटीने अख्खं घर धुऊन काढलं होतं. पंखे, फळ्या, स्वयंपाकघराची खिडकी, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. वय अडुसष्ट, आणि हौस बघा! आता धड बसवतही नव्हतं.

पण कारणही तसंच होतं. त्यांचे वडील शाळेत गणित शिकवायचे आणि गच्चीवर, स्वतः बनवलेल्या दुर्बिणीला कॅमेरा लावून, आकाशाचे फोटो काढायचे. तेव्हा फोटो काचेवर उमटायचा. लोक त्यांना तारेमास्तर म्हणत. एका रात्री मास्तरांना नवा तारा सापडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हौसेने सगळ्या गावाला गच्चीवर बोलावलं. तारा नव्हता. “कुठाय मास्तर?” लोकांनी विचारलं. मास्तर म्हणाले, “कालपर्यंत होता.”

झालं! मास्तर गेले, दुर्बीण गेली, पण ते दोन शब्द काही गावाने सोडले नाहीत. साबण संपला की दुकानदार डोळा मारून म्हणणार, “कालपर्यंत होता!” मावशींनी तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर काढली, पण तिकिटं संपली आहेत असं म्हणायची त्यांना सोय नव्हती. रांगेतून कोणीतरी हमखास ओरडायचं, आणि सगळी रांग खिदळायची.

मास्तरांनी त्या फोटोची कागदी प्रत मोठ्या वेधशाळेला पाठवली होती. एका ओळीचं उत्तर आलं. हा तारा नसून काचेवरचा डाग आहे. त्यानंतर मास्तर गच्चीवर गेले नाहीत. सकाळी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहायचे, चहा गार होईपर्यंत. बाहेर काय, तर शेजारच्या इमारतीची पांढरी भिंत.

“भिंतीत काय बघता हो बाबा?” मावशी वैतागून विचारायच्या.

“पांढरी आहे. बरी आहे,” एवढंच ते म्हणायचे.

आणि आज, छप्पन्न वर्षांनी, ही मुलगी सांगत होती की नव्या दुर्बिणीला नेमक्या त्याच जागी वायूचा ढग दिसलाय. तारा भडकून विझला की मागे उरतो तसा.

“मूळ काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की डाग आहे की तारा, पाच मिनिटांत कळेल,” ती म्हणाली. “तारा निघाला तर त्याला मास्तरांचं नाव लागेल, मावशी. जगभर. पण नुसत्या कागदी प्रतीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.”

एकदाचं हे नाव लागू दे, मावशींना वाटलं, मग मी डोळे मिटायला मोकळी. पण काच आणायची कुठून?

“नीट आठवा ना. एवढीशी असते.” मुलीने हातांनी वीतभर माप दाखवलं. “फोटो उलटा असतो तिच्यावर. काळं आकाश पांढरं येतं, म्हणजे काच जवळजवळ कोरीच दिसते. आणि तारे काळे. बारीक बारीक ठिपके. हसू नका, पण बघणाऱ्याला वाटतं, माश्यांनी घाण केलीय.”

मावशी हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेल्या.

खिडकीचं खालचं छोटं तावदान मास्तरांनी स्वतः बसवलं होतं. ते पत्र आलं त्याच आठवड्यात. त्यावर कायम माश्यांचे डाग असायचे. ओल्या फडक्याला ते दाद देत नसत, आणि जोर लावून घासायला कोणाला वेळ होता? पोस्टातून दमून आलेल्या मावशी रोज म्हणायच्या, उद्या बघू. जन्मभर त्यांनी त्या कामाचा कंटाळा केला. काल केला नाही. सोडा, कढत पाणी आणि तारेची घासणी घेऊन तासभर बसल्या होत्या. आधी काहीतरी बुळबुळीत सुटलं. मग डाग गेले.

काच लखलखत होती. पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. बाबा भिंत बघतच नव्हते, हे त्यांना आत्ता कळत होतं.

मुलगी मागोमाग आली. तिने तावदान पाहिलं, हाताच्या वितीने मापलं आणि एकदम वळली.

“मावशी, माप तर हेच आहे! पण ही तर कोरी आहे. हिच्यावर तारा होता?”

मावशींनी पुष्कळ शोधलं, पण त्यांना दुसरे शब्दच सापडेनात.

“कालपर्यंत होता,” त्या म्हणाल्या.